बरं होणं मोजायचं कसं?



गावात कुणाच्या तरण्या मुलाला किंवा मुलीला मनाचा मोठा आजार झाला, की सुरुवातीला सगळे विचारतात, "काय झालंय त्याला?" दवाखाना सुरू झाला, की प्रश्न बदलतो. "आता बरा आहे का?" पाण्यावर, गिरणीत, गटाच्या बैठकीत, लग्नाच्या मांडवात, जिथं जाईल तिथं आईला हाच प्रश्न. ती काय सांगणार? "हो" म्हणावं, तर पोरगा सकाळी अकरापर्यंत अंथरुणातून उठत नाही. "नाही" म्हणावं, तर दोन महिन्यांत त्याला एकदाही आवाज ऐकू आलेले नाहीत. मग ती म्हणते, "चाललंय."

आजच्या भागात आपण या "चाललंय"चा नीट हिशेब मांडू या. बरं होणं म्हणजे नेमकं काय, ते डॉक्टर कसं मोजतात, आणि घरी एका साध्या वहीत आपण ते कसं टिपू शकतो, हे आम्ही सांगणार आहोत.

आजार कोणता?

या आजाराला डॉक्टर सायकोसिस म्हणतात. स्किझोफ्रेनिया हा त्यातलाच एक प्रकार. यात माणसाला जे नाही ते खरोखर आहे असं जाणवतं. जवळ कुणी नसताना बोलणं ऐकू येतं. शेजारी पाळत ठेवतात, जेवणात काही घातलंय, टीव्हीवरचा माणूस माझ्याबद्दलच बोलतोय, अशी पक्की खात्री होते. कितीही समजावलं तरी ती जात नाही. बोलणं विस्कळीत होतं, झोप उडते, माणूस कोपरा धरून बसतो.

हा आजार बहुतेकदा ऐन उमेदीत, साधारण १५ ते ३० या वयात सुरू होतो. दहावी-बारावी, कॉलेज, पहिली नोकरी, लग्नाची बोलणी, नेमक्या याच वर्षांत. तो करणीनं होत नाही, बाहेरच्या बाधेनं होत नाही, आणि आईनं नीट वाढवलं नाही म्हणूनही होत नाही. नवस बोलायचा तर बोला, पण औषध थांबवू नका. उपचाराला जितका उशीर, तितकं नंतर सावरायला जड जातं.

आवाज थांबले, पण पोरगा हलत का नाही?

औषधं लागू पडली की बहुतेकांचे आवाज, संशय आणि भीती काही आठवड्यांत कमी व्हायला लागतात. घराला वाटतं, चला, सुटलो. आता सोमवारपासून कॉलेजला जाईल, वावरात उतरेल. पण तो सोमवार येतो आणि मुलगा भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. इथून घरात भांडणं सुरू होतात. "आता तर काही होत नाही ना तुला, मग ऊठ की!"

मैत्रिणींनो, त्याला उठता येत नाही याची कारणं आहेत. आम्ही चार सांगतो.

पहिलं कारण आजारातच आहे. आवाज आणि संशय हा आजाराचा बोलका भाग. त्याचा एक मुका भागही असतो. उमेद आटते, चेहऱ्यावर काही उमटत नाही, बोलणं कमी होतं, कशात गोडी वाटत नाही. औषधांनी बोलका भाग लवकर शांत होतो. मुका भाग हटायला फार वेळ लागतो.

दुसरं, लक्ष आणि आठवण. तीन कामं एकदम सांगितली तर एकच ध्यानात राहतं. "गिरणीतून ये, येताना साखर आण आणि काकांना निरोप दे" असं म्हटलं, की मुलगा गोंधळून दारातच उभा राहतो.

तिसरं, औषधांचा त्रास. काही औषधांनी गुंगी येते, वजन वाढतं, हात थरथरतात, अंग ताठतं, एका जागी बसवत नाही. काही औषधांनी मुलींची पाळी लांबते किंवा थांबते. हे डॉक्टरांना सांगितलं, तर डोस किंवा औषध बदलून बऱ्याचदा कमी करता येतं. न सांगता औषध बंद केलं, तर आजार उलटतो.

चौथं, हुकलेला काळ. सोबतचे दोस्त पुढच्या वर्गात गेले, कुणी पुण्याला कामाला लागलं. गावात जायचं म्हटलं तर लोक बघतात, कुजबुजतात. त्यापेक्षा घरात बसलेलं बरं, असं त्याला वाटतं.

घरात मात्र या चारही गोष्टींना एकच नाव मिळतं, आळस. आळस म्हटलं की उपाय ठरलेला, रागावणं. त्यानं यातलं एकही कारण दूर होत नाही.

अंगणवाडीतला तक्ता आठवा

बाळाची वाढ आपण कशी बघतो? अंगणवाडीताई दर महिन्याला वजन करतात आणि तक्त्यावर ठिपका देतात. एका महिन्याच्या ठिपक्यावरून फारसं कळत नाही. चार-पाच महिन्यांचे ठिपके जोडले, की रेघ वर चालली आहे, आडवी पडली आहे की खाली घसरते आहे, ते दिसतं. रेघ आडवी पडली की ताई विचारतात, जुलाब झाले होते का, काय खायला देता? आईला ओरडायला तो तक्ता नसतो. वेळेवर ध्यानात यावं म्हणून असतो.

सायकोसिसमधून सावरणाऱ्या मुलामुलींचं रोजचं जगणंही असंच बघायचं. रोज बघणाऱ्याला हळू बदल दिसत नाही. आपल्या डोळ्यांसमोर आजार व्हायच्या आधीचा, नव्वद टक्के मिळवणारा मुलगा असतो, आणि त्याच्या शेजारी आजचा मुलगा कायम उणाच दिसतो. महिनाभरापूर्वीच्या त्याच्याशी आजच्या त्याची तुलना केली, तर वेगळं चित्र दिसू शकतं.

डॉक्टर कसं मोजतात?

आवाज, संशय यांची तपासणी वेगळी. रोजचं जगणं मोजायच्या पट्ट्या वेगळ्या. त्यातल्या तीन सांगतो.

आपल्या देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं एक माप तयार केलं आहे. त्याचं नाव आयडियाज. मानसिक आजारामुळे आलेल्या अपंगत्वाचं सरकारी प्रमाणपत्र देताना हेच माप वापरलं जातं. त्यात चार गोष्टी पाहतात. स्वतःची निगा, म्हणजे आंघोळ, कपडे, जेवण. माणसांशी वागणं. बोलणं आणि समजून घेणं. आणि काम. काम म्हणजे फक्त पगाराची नोकरी नाही. घरकाम करणारीचं घरकाम आणि विद्यार्थ्याचा अभ्यास हेही त्यात वेगळं धरलं आहे. प्रत्येक गोष्टीला ० ते ४ गुण देतात. शून्य म्हणजे काही अडचण नाही, चार म्हणजे अजिबात जमत नाही. परीक्षेच्या उलट आहे हे. इथं गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त.

दुसरं माप जागतिक आरोग्य संघटनेचं, व्होडास. त्याच्या छोट्या फॉर्ममध्ये १२ प्रश्न आहेत आणि सगळे मागच्या ३० दिवसांबद्दल. अंग धुणं, कपडे घालणं कितपत जड गेलं? दहा मिनिटं एका गोष्टीत लक्ष लावणं जमलं का? नवीन काम शिकणं? अनोळखी माणसाशी बोलणं? मैत्री टिकवणं? सणासमारंभात इतरांसारखं सामील होणं? बघा, सणाला जाणंसुद्धा तब्येतीच्या मापात धरलं आहे.

तिसरी पद्धत ब्रिटनमध्ये तरुण रुग्णांसाठी वापरतात. ते आठवड्याचे तास मोजतात. काम, शिक्षण, घरकाम, मुलं सांभाळणं, खेळ, बाहेर फिरणं, लोकांसाठी केलेलं काम, यात आठवड्याचे किती तास गेले? ते ३० तासांपेक्षा कमी भरले, तर या मुलाला अजून हात द्यायला हवा, असं समजतात.

तिन्ही मापांत एक गोष्ट सारखी आहे. "बरा की आजारी" असा एकच प्रश्न त्यात नाही. काय जमतं आणि किती जमतं, एवढंच ती विचारतात.

घरची वही

फॉर्म भरून गुण द्यायचं काम डॉक्टरांचं आणि समुपदेशकांचं. आपण त्यांना कच्चा माल पुरवू शकतो. गटाची हजेरी वही आणि कर्जाची नोंद आपण ठेवतोच. तसंच, शंभर पानी वही घ्यायची आणि पानावर पाच रकाने आखायचे.

१. झोप: किती वाजता झोपला, किती वाजता उठला.
२. स्वतःची निगा: आंघोळ, दात, कपडे, जेवण, गोळ्या.
३. माणसं: कुणाशी बोलला, घराबाहेर किती वेळा गेला.
४. काम किंवा शिकणं: काय केलं, किती वेळ केलं.
५. आवड: आपणहून काय केलं.

रोज लिहायची गरज नाही. आठवड्यातून एकदा, समजा रविवारी संध्याकाळी, दहा मिनिटं पुरतात. लिहिताना तीन पथ्यं पाळायची.

पहिलं पथ्य, जे दिसलं ते लिहा, मत लिहू नका. "फार आळशीपणा केला" यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. "तीन दिवस आंघोळ केली, तिन्ही वेळा सांगावं लागलं" यातून खूप कळतं.

दुसरं, मदत किती लागली ते लिहा. आपणहून केलं, एकदा सांगितल्यावर केलं, तीनदा सांगितल्यावर केलं, की हाताला धरून करून घ्यावं लागलं? बऱ्याचदा पहिली सुधारणा इथंच दिसते. काम तेच असतं, पण सांगणं कमी झालेलं असतं.

तिसरं, वही त्याच्यापासून लपवू नका. ज्या मुलाला आधीच पाळत ठेवल्याचा संशय येतो, त्याच्या पाठीमागे टिपणं काढली तर काय होईल, सांगायला नको. तब्येत थोडी स्थिरावली, की त्याच्यासमोर बसून लिहा. शक्य असेल तर त्यालाच लिहू द्या. आणि एक प्रश्न त्याला नक्की विचारा, "तुला कशात बरं वाटायला हवंय?" आईला वाटतं, त्यानं शेतात यावं. त्याला कदाचित आधी मित्रासोबत चहाच्या टपरीवर जायचं असेल. त्याचं म्हणणंही वहीत आलं पाहिजे.

नमुन्यादाखल, समजा एक बावीस वर्षांचा मुलगा आहे. त्याची वही अशी असू शकते.

पहिला आठवडा. झोप रात्री ९ ते सकाळी ११. आंघोळ तीनदा, दर वेळी तीन-चारदा सांगून. जेवण खोलीत, एकट्यानं. बोलणं फक्त आईशी, हो-नाही. घराबाहेर नाही. काम नाही. आपणहून काही नाही.

सहावा आठवडा. झोप ९ ते ९. सकाळी गुंगी असते म्हणतो. आंघोळ पाचदा, एकदा सांगून. रात्रीचं जेवण सगळ्यांत बसून. बहिणीशी मोबाइलवर दोनदा बोलला. शेळीला चारा टाकला, चार दिवस, दहा-दहा मिनिटं. आपणहून रेडिओ लावला.

बारावा आठवडा. झोप १० ते ७. आंघोळ रोज, दोनदाच आठवण करावी लागली. चुलतभावासोबत बाजारला गेला, अर्ध्या तासात परतला, गर्दी नको म्हणाला. शेळ्या पूर्ण त्याच्याकडे. आपणहून बारावीचं पुस्तक काढलं, दोन पानं वाचली.

गावाच्या डोळ्यांना हा मुलगा अजून "घरीच बसलेला" आहे. वही सांगते, की तीन महिन्यांत तो खूप लांब आला. सहाव्या आठवड्यातलं "सकाळी गुंगी" हे वाक्य डॉक्टरांना दाखवलं, तर ते डोसाचा विचार करू शकतात. सिव्हिलच्या ओपीडीत डॉक्टरांना वेळ थोडा असतो. त्या वेळात "कसा आहे?" "बरा आहे." एवढंच बोलणं होतं. ही तीन पानं पुढे केली, तर त्याच वेळात खरं बोलणं होतं.

पान भरताना रेघ मागे आली, तरीही वहीच आधी सांगते. आजार परत डोकं वर काढतो, तेव्हा बऱ्याचदा झोप आधी मोडते. मग माणूस एकटा राहायला लागतो, चिडतो, गोळ्या चुकवतो. सलग चार-पाच रात्री झोप नीट नसेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच दवाखान्यात जा. आणि मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर त्याला एकटं न ठेवता त्याच दिवशी न्या.

मुलीची वही लिहिताना

आता एक गोष्ट आपल्या बायकांच्या कानात सांगायची आहे. मुलगा बरा झाला का, हे बघताना घर विचारतं, कमावतो का? मुलगी किंवा सून बरी झाली का, हे बघताना घर विचारतं, स्वयंपाक करते का? भाकरी थापायला लागली, धुणं-भांडी करायला लागली, पाणी भरायला लागली, की सगळे म्हणतात, झाली बरी. गोळ्या बंद होतात, दवाखान्याच्या फेऱ्या बंद होतात.

पण वहीचे बाकीचे रकाने बघा. ती कुणाशी बोलते? माहेरी फोन करते? हळदीकुंकवाला येते? आपणहून हसते? हे रकाने कोरे असतील, तर ती फक्त कामाला लागली आहे. हुकमासरशी काम करणारी, गप्प राहणारी सून घराला सोयीची वाटते, म्हणून तिचा मुका आजार कुणाच्या लक्षातच येत नाही. कामाच्या रकान्यात पैकीच्या पैकी आणि माणसांच्या रकान्यात शून्य, अशी वही दिसली तर डॉक्टरांना ती जरूर दाखवा.

दुसरी घाई लग्नाची. "लग्न करून द्या, ठीक होईल." लग्न हे औषध नाही. उलट नवं घर, नवी माणसं, जागरणं, आणि सासरी कळू नये म्हणून लपवलेल्या गोळ्या, यातून आजार उलटायला वाट मिळते. ज्या मुला-मुलींचा आजार आटोक्यात आहे ती लग्नं करतात, संसारही करतात. पण आधी तब्येत बरेच महिने स्थिर असावी, लग्न त्याला किंवा तिला स्वतःला हवं असावं, आणि समोरच्या घराला आजाराची आणि गोळ्यांची माहिती असावी. मूल हवं असेल तर औषधांबद्दल आधीच डॉक्टरांशी बोलावं.

"आता तर चांगला चालतोय, गोळ्या कशाला?" हाही प्रश्न नेहमीचा. चांगला चालतोय तो बऱ्याच अंशी गोळ्यांच्या आधारानं. पहिल्या खेपेनंतरही साधारण एक-दोन वर्षं तरी औषध चालू ठेवायला सांगतात, काहींना जास्त. कधी कमी करायचं आणि कसं, ते डॉक्टर ठरवतात. आपण वही दाखवून त्यांना मदत करायची.

प्रमाणपत्र आणि पोटातली भीती

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर काही सवलतींसाठी अर्ज करता येतो. संजय गांधी निराधार योजनेसाठीही ते कामी येतं, बाकी उत्पन्नाच्या वगैरे अटी असतातच. आयडियाजच्या चार गोष्टींचे गुण आणि आजाराला किती वर्षं झाली त्याचे गुण मिळवतात. बेरीज ७ किंवा त्याहून जास्त आली, की ४० टक्के धरतात. सुधारणेची शक्यता असेल तर ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं आणि नंतर पुन्हा तपासणी होते.

इथं बऱ्याच घरांत भीती असते. "सुधारला असं वहीत लिहिलं, तर पैसे बंद होतील." ही भीती खोटी नाही. महिन्याचे ते थोडे पैसेही गोळ्यांना, एसटीच्या भाड्याला लागतात. तरी आमचं सांगणं असं, की वही खरीच ठेवा. वाढवून लिहिलेल्या त्रासावर डॉक्टर जास्त औषध देतील आणि भोगायचं मुलाला. बऱ्याच वेळा अन्याय उलट्या बाजूनं होतो. तपासणीच्या दिवशी आई त्याला आंघोळ घालून, इस्त्रीचा शर्ट घालून नेते. तो दोन प्रश्नांची नीट उत्तरं देतो. समोरच्याला वाटतं, ठीक तर आहे. त्या आंघोळीमागे आईचं तासभराचं सांगणं होतं, हे कागदावर येतच नाही. "करतो" आणि "तीनदा सांगितल्यावर करतो" यातला फरक वहीत असेल, तर तपासणाऱ्यापुढे खरं चित्र जातं.

घरच्या आणि गावच्या आधारानं काय होतं?

याचाही अभ्यास झाला आहे, तोही आपल्या जवळच. सातारा, गोवा आणि तमिळनाडू अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ जणांबरोबर तो झाला. काहींना फक्त दवाखान्याचे उपचार मिळाले. बाकीच्यांना दवाखान्यासोबत प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते घरी येऊन भेटत होते. औषधं, स्वतःची निगा, काम, लोकांत मिसळणं, यात ते रुग्णाला आणि घरच्यांना मदत करायचे. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, आपल्यासारखीच माणसं होती. वर्षभरानं आयडियाजच्या मापानं पाहिलं, तर घरी भेटी झालेल्यांना रोजच्या जगण्यातल्या अडचणी थोड्या जास्त कमी झाल्या होत्या. तमिळनाडूच्या ग्रामीण भागात हा फरक ठळक होता. २०१४ साली लॅन्सेट या जगभरच्या डॉक्टरांच्या नियतकालिकात हे छापून आलं. एकंदर फरक माफकच होता, जादू झाली नाही, हेही सांगायला हवं.

दुसरा अभ्यास चेन्नईचा. तिथं स्कार्फ ही संस्था आहे. भारतातल्या पहिल्या महिला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. शारदा मेनन यांनी ती १९८४ साली सुरू केली. चेन्नईतल्या आणि कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरातल्या, पहिल्यांदाच सायकोसिस झालेल्या तरुणांची दोन वर्षांनी तुलना केली. आवाज आणि संशय दोन्हीकडे सारखेच कमी झाले होते. पण मघाशी सांगितलेला आजाराचा मुका भाग, उमेद आटणं, गप्प होणं, हा चेन्नईत जास्त सुधारला होता. आणि घरच्यांचा आधारही चेन्नईतच जास्त होता.

म्हणजे आपण जेवायला सोबत बसवतो, शेळीला चारा टाकायला सोबत नेतो, दवाखान्यात बरोबर जातो, हे सगळं उपचाराला धरूनच आहे.

गटानं काय करायचं?

ज्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरची मैत्रीण आपल्या गटात असेल तर चार गोष्टी आपल्या हातात आहेत.

"बरा झाला का?" हा प्रश्न सोडून द्या. त्याऐवजी विचारा, "या आठवड्यात नवीन काय केलं त्यानं?" आईला या प्रश्नाचं उत्तर देता येतं, आणि देताना तिला स्वतःलाही ते दिसतं.

छोटं काम द्या आणि त्याचे पैसेही द्या. गटाच्या पापडाची पाकिटं मोजणं, लेबलं चिकटवणं, एक तास. सुरुवातीला एका वेळी एकच काम सांगा. जमलं तर हळूहळू वाढवा. नाही जमलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलवा.

जत्रेला, वाढदिवसाला, हळदीकुंकवाला बोलावणं पाठवा. दहा मिनिटं बसून गेली तरी चालेल. सगळ्यांसमोर तिच्या आजारावर बोलू नका.

आणि वहीचं ओझं एकट्या आईवर पडू देऊ नका. एका रविवारी बापानं लिहावं, एका रविवारी भावानं. चार आठवडे फक्त आईच बघत असेल, तर थकवा तिलाच येतो आणि चिडचिडही तिचीच होते. हां, वही मात्र घरचीच. ती गटाच्या बैठकीत वाचायची नाही. त्यात एका माणसाचं खासगी जगणं आहे.

उपचार कुठे मिळतील हे कळत नसेल तर आशाताईंना विचारा किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. टेलिमानस ही सरकारची मोफत फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे. नंबर आहे १४४१६. दिवसरात्र कधीही लावा, मराठीत बोलता येतं. रुग्णच बोलला पाहिजे असं नाही. आईनं, बहिणीनं, शेजारणीनं केलेला फोनही चालतो.

मैत्रिणींनो, हा भाग ऐकून कुणी वही सुरू केली, तर पहिले तीन-चार आठवडे काहीच बदल दिसणार नाही. धीर सोडू नका, लिहीत राहा. दोन महिन्यांनी पहिलं पान आणि ताजं पान शेजारी ठेवून बघा, आणि दोन्ही घेऊन दवाखान्यात जा. पुढच्या भागात आपण बोलणार आहोत या घरांतल्या आयांच्या स्वतःच्या झोपेबद्दल आणि तब्येतीबद्दल. तोपर्यंत नमस्कार.